भूशास्त्र अभ्यासमंडळाला खुलं पत्र : आर शिकवताय तर प्रॅक्टिकलात शिकवा

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भूशास्त्र अभ्यासमंडळ,

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एमएस्सी जिऑलॉजीचा सिलॅबस बदलायचं काम चाललंय आणि त्याचा ड्राफ्ट आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स इन जिऑलॉजी’ नावाचा दोन क्रेडिटचा पेपर बघितला म्हणून हे पत्र लिहितोय. विद्यापीठाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण उगाच कुणा एकाला कोपऱ्यात घ्यायचं नाहीये आणि असला पेपर फक्त आपल्याकडेच असेल असं वाटत नाही.

पहिल्या युनिटात कॉम्प्युटरच्या पिढ्या, इनपुट डिव्हाइस, आउटपुट डिव्हाइस. दुसऱ्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. आणि तिसऱ्याच्या शेवटी एका ओळीत ‘इंट्रोडक्शन टू आर’, म्हणजे आकडेवारीच्या कामासाठीची फुकट कॉम्प्युटर भाषा. परीक्षा लेखी. म्हणजे पोरं उत्तरपत्रिकेवर पेनाने कोड लिहिणार, कंस राहिला की अर्धा मार्क कट, आणि तो कोड चालतो का नाही हे तपासणाऱ्यालाही कळणार नाही. अहो, ज्या पोरांनी दहावीत असताना मोबाइलवर सगळी कामं केलीत त्यांना माउस हे इनपुट डिव्हाइस आहे हे एमएस्सीला सांगायचं?

मी भूजलाच्या कन्सल्टन्सीत काम करतो. विहिरी, बोअर, पंपिंग टेस्ट, लॅबचे रिपोर्ट आणि दिवसभर स्क्रीनवर आर. त्यामुळे आर सिलॅबसमध्ये आलं याचा आनंदच आहे, तक्रार ते कुठे ठेवलंय याची आहे. त्याला वेगळ्या पेपरात कोंडू नका, पेट्रोलॉजी (दगडांचा अभ्यास), स्ट्रक्चरल (त्यांची रचना), हायड्रोजिऑलॉजी (भूजल) यांची जी प्रॅक्टिकल आत्ता चालू आहेत त्यांच्या आत घाला, आणि डेटा आपल्याच दगडाचा द्या. एवढीच मागणी. आता ती का, ते जरा सविस्तर सांगतो.

आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग डेक्कन ट्रॅपवर बसलाय. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, आज उरलेला पसाराच पाच लाख चौरस किलोमीटरचा. फील्ड टूरला पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातो तेव्हा खाली पोलादपूर फॉर्मेशन (म्हणजे लाव्ह्याच्या थरांचा एक गट), मग आंबेनळी, वर महाबळेश्वर आणि डोक्यावर जांभा असं सर सांगतात आणि आपण वहीत लिहितो. पण खरं सांगा, घाटाच्या वळणावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी आंबेनळीचा बेसाल्ट आणि महाबळेश्वरचा बेसाल्ट कितीजणांना वेगळा ओळखता येईल? खालच्या कळसूबाई उपगटात निदान प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या मोठमोठ्या स्फटिकांचे थर खुणेला मिळतात, वरच्या, म्हणजे आंबेनळी-महाबळेश्वरच्या, वाई उपगटात ती सोय फारशी नाही. ही सगळी फॉर्मेशनची उतरंड १९८० च्या दशकात पक्की झाली ती मुख्यतः केमिस्ट्रीच्या आकड्यांवर. स्ट्रॉन्शियम किती, बेरियम किती, टायटॅनियम किती, स्ट्रॉन्शियमच्या आयसोटोपचं गुणोत्तर किती. बुशे फॉर्मेशनमध्ये सिलिका जास्त आणि टायटॅनियम कमी, कारण त्या लाव्ह्यात वर येताना पृथ्वीच्या कवचातला माल मिसळलाय, आणि आंबेनळी त्यामानाने स्वच्छ. हे हातोड्याने कळत नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या जिऑलॉजीच्या पोराला स्टॅटिस्टिक्स जितकं लागतं तितकं क्वचितच कुणाला लागत असेल, आणि आपण ते कुठल्यातरी चौथ्या-पाचव्या पेपरात एका ओळीत उरकतो.

यातली सगळ्यात भारी गोष्ट राजमहेंद्रीची. आंध्रात गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीजवळ बेसाल्टचा छोटासा तुकडा उघडा पडलाय, सह्याद्रीपासून जवळपास हजार किलोमीटरवर. त्याची केमिस्ट्री आंबेनळी आणि महाबळेश्वर फॉर्मेशनशी जुळते, म्हणून तो लाव्हा इकडूनच जुन्या नदीखोऱ्यांतून वाहत तिथपर्यंत गेला असावा असं मांडलं गेलंय. अशी जुळणी करायची एक नेहमीची पद्धत म्हणजे डिस्क्रिमिनंट फंक्शन ॲनॅलिसिस. घाटातले, ज्यांचं फॉर्मेशन माहीत आहे असे नमुने घ्यायचे, त्यावरून नियम काढायचा आणि लांबच्या अनोळखी नमुन्याला तो लावायचा. आरमध्ये हे ‘मास’ नावाच्या पॅकेजमध्ये (तयार कमांडच्या संचात) आहे, ते आरबरोबर आयतंच येतं, आणि कमांड एका ओळीची. एका तासाचं प्रॅक्टिकल आहे हो हे! जिओरॉकसारख्या डेटाबेसवर डेक्कनची हजारो विश्लेषणं फुकट पडलेली आहेत, नमुना कुठला ते अक्षांश-रेखांशासकट.

आणि इथेच जिऑलॉजीच्या शिक्षकाची गरज लागते, कॉम्प्युटरवाल्याची नाही. कारण या कमांडला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. तुम्ही तिला मुंबईजवळच्या मनोरीचा ट्रॅकाइट, म्हणजे बेसाल्ट नसलेला दगड, दिलात तरी ती त्याला पोलादपूर नाहीतर बुशे असं काहीतरी एक नाव चिकटवणारच, आणि वर ९९ टक्के खात्रीने असंही छापेल, कारण तिला दिलेल्या नावांपैकीच एक निवडायचं असतं. नमुना मुळात त्या घराण्यातला आहे का हे आधी बघायचं असतं, आणि ते बघायची सवय फक्त दगड हातात घेतलेल्या माणसाला लागते. कॉम्प्युटर सायन्सच्या कंत्राटी शिक्षकाला बोलावून तास उरकला की पोरांना कमांड येते, ही शंका येत नाही.

दुसरं एक मोठं दुखणं म्हणजे शंभर टक्क्यांचं. दगडाचं विश्लेषण येतं ते वजनाच्या टक्क्यांत, बेरीज १०० च्या आसपास. चार भावांत वाटलेल्या शेतासारखं, एकाच्या वाट्याला दोन गुंठे जास्त गेले की बाकीच्यांचे आपोआप कमी, त्यांनी काही केलेलं नसताना. आपल्याकडच्या पोकळ्यावाल्या बेसाल्टचंच घ्या. समजा पोकळीत नंतर क्वार्ट्झ भरला आणि नमुना दळताना तो नीट काढला गेला नाही. सिलिका ५० वरून ५४ वर गेली. आता टायटॅनियम, लोह, मॅग्नेशियम सगळे मिळून ४ टक्क्यांनी खाली येणार, आणि असे वीस नमुने ग्राफवर टाकले की टायटॅनियम आणि लोह हातात हात घालून वर-खाली होताना दिसतात, आर-स्क्वेअर (दोन आकडे किती जुळतात त्याचं माप) मस्त येतो, आणि डेझर्टेशनमध्ये त्यावर मॅग्माच्या उत्क्रांतीचं एक अख्खं पान लिहिलं जातं. उत्क्रांती वगैरे काही नाही, क्वार्ट्झचं पाणी घातलंय फक्त. टायटॅनियम भागिले लोह काढलं असतं तर ते गुणोत्तर जिथल्या तिथे दिसलं असतं.

ही भानगड नवीन नाहीये. कार्ल पिअर्सनने १८९७ सालीच अशा खोट्या कोरिलेशनबद्दल, म्हणजे नुसत्या दिसणाऱ्या संबंधाबद्दल, सावध केलं होतं, पुढे फेलिक्स चेज या पेट्रोलॉजिस्टने ते दगडांच्या बाबतीत लावून धरलं आणि १९८० च्या दशकात जॉन एचिसनने लॉग-रेशोचा, म्हणजे टक्क्यांऐवजी त्यांच्या गुणोत्तरांचे लॉगरिदम वापरायचा, उपाय व्यवस्थित बांधून दिला. आरमध्ये ‘कंपोझिशन्स’ नावाचं पॅकेज त्यासाठीच आहे. पण आपल्या पोरांना बीएस्सीला जे स्टॅटिस्टिक्स शिकवतात त्यात मीन, मीडियन, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि पिअर्सनचंच कोरिलेशन, त्याचा इशारा मात्र वगळून. स्टॅट विभागाचा जनरल पेपर लावला की काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे जरा लांबवून लिहिलं.

पाण्याच्या लॅबचे रिपोर्ट तर वेगळीच मजा. फ्लोराइडच्या कॉलममध्ये एका विहिरीला १.८, दुसऱ्या विहिरीला ०.६, तिसऱ्या ठिकाणी ‘बीडीएल’ (म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेखाली), चौथ्या ठिकाणी ‘निल’, पाचव्या ठिकाणी ०.१ पेक्षा कमी असं चिन्ह टाकून. यातला एक शब्द जरी कॉलममध्ये असला तरी आर तो अख्खा कॉलम अक्षरं समजून वाचतं आणि सरासरी काढायला नकार देतं, जे बरंच आहे, कारण एक्सेल गुपचूप तेवढे खाने सोडून सरासरी काढतं आणि ती खरीपेक्षा जास्त येते. मग ऑफिसात कुणी शून्य टाकतं, कुणी त्या मोजता येण्याच्या मर्यादेच्या निम्मं टाकतं, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायची, त्यामुळे यवतमाळ, चंद्रपूरसारख्या फ्लोराइडच्या पट्ट्यात मर्यादेच्या आसपासच्या गावात ही सरासरी थोडी जरी हलली तरी निष्कर्ष फिरतो. ‘पेक्षा कमी’ अशा आकड्यांसाठी वेगळी पद्धत आहे, डेनिस हेल्सेल यांच्या कामावरचं ‘नाडा’ नावाचं पॅकेज आहे. नाव विसरलं तरी चालेल, पण असा प्रश्न असतो हे तरी एमएस्सी करून बाहेर पडताना माहीत हवं.

त्यातच सोडियमचा किस्सा. एका लॅबकडून तक्ता आला तो उभा, एका कॉलममध्ये मूलद्रव्याचं चिन्ह आणि दुसऱ्यात आकडा, आणि टायपिस्टने सगळी चिन्हं कॅपिटलमध्ये टाकलेली. सोडियमचं चिन्ह एनए, आणि आरमध्ये कॅपिटल ‘एनए’ म्हणजे माहिती उपलब्ध नाही! झालं, सगळ्या जिल्ह्याचं सोडियम गायब, आणि नवीन लागलेला पोरगा दोन दिवस लॅबला फोन करतोय की सोडियम का तपासलं नाही. कोबाल्टचा ‘ओ’ कॅपिटल झाला की कार्बन मोनॉक्साइड होतो हे आपण अकरावीत शिकलो, आरही तितकंच काटेकोर आहे, लहान-मोठं अक्षर बदललं की ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’. पोरं इथेच वैतागून सोडतात म्हणून शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं. लेखी पेपरात ही एररच येत नाही, मग ती सोडवायला कशी शिकणार?

स्ट्रक्चरलचं एकच सांगतो. कोकण किनाऱ्यावरच्या उत्तर-दक्षिण डाइकची (भेगेत घुसून गोठलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंतीची) दिशा मोजली, एका जागी १७५ अंश, दुसऱ्या जागी ५ अंश. एक्सेलला सरासरी विचारा, ९० म्हणेल. पूर्व-पश्चिम! दोन्ही मोजमापं उत्तर-दक्षिण असताना. डाइकला तोंड-शेपूट नसतं, ५ आणि १८५ एकच, म्हणून कोन आधी दुप्पट करायचा, मग वर्तुळावरची सरासरी काढायची, मग निम्मा करायचा. आरच्या ‘सर्क्युलर’ पॅकेजमध्ये हे चार ओळींत होतं. नंदुरबार-धुळ्याच्या डाइकची एवढी मोठी झुंबड आपल्या राज्यात आहे, तिचा रोझ डायग्राम (दिशांचा गोल आलेख) पोरं अजून ग्राफ पेपरवर कंपास घेऊन काढतात. हाताने एकदा जरूर काढू दे, माझा विरोध नाही, पण तिथेच थांबू नका.

एक्सेलला मी एवढ्या शिव्या घालतोय तर तेही सांगून टाकतो. डेक्कनचे नमुने म्हणून बऱ्याचदा पोरं नंबर देतात डीईसी डॅश १, डीईसी डॅश २. एक्सेल लगेच त्याची १ डिसेंबर, २ डिसेंबर करतं, ३१ पर्यंत तारखा आणि ३२ पासून तर थेट महिना-वर्ष. मार्च महिन्यासारखं दिसणारं नाव होतं म्हणून माणसाच्या काही जीन्सची नावंच २०२० मध्ये बदलावी लागली, एवढा हा ताप जगभर आहे. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. एक्सेलमध्ये कुणी कुठला खाना खाली ओढला, कुठली ओळ खोडली याचा माग राहत नाही. स्क्रिप्टमध्ये राहतो. गाइडला सहा महिन्यांनी विचारता येतं की हे सात नमुने का वगळलेस, आणि पोराला ती ओळ दाखवता येते.

क्रिगिंगबद्दल, म्हणजे मोजलेल्या ठिकाणांवरून मधल्या जागांचा अंदाज काढायच्या पद्धतीबद्दल, थोडंच. डॅनी क्रिग हा दक्षिण आफ्रिकेतला मायनिंग इंजिनिअर, विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत १९५० च्या सुमारास त्याने हे काम केलं आणि फ्रान्समध्ये जॉर्ज मातेराँने त्याचं गणित बसवलं. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरला मोजते, त्यावरून कंटूर नकाशे निघतात आणि ते रंगीत नकाशे बघून सगळे खूश. पण विहिरी गावाजवळ गोळा झालेल्या, मधल्या माळावर एकही नाही, आणि मध्ये एखादी डाइक आडवी गेली असेल तर अलीकडच्या-पलीकडच्या पाण्याचा एकमेकांशी संबंध नसू शकतो. बटण दाबून नकाशा काढणारं सॉफ्टवेअर हे विचारत नाही. आरच्या ‘जीस्टॅट’मध्ये आधी व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसे आकडे किती बदलतात त्याचा आलेख) काढून बघता येतो आणि नकाशाबरोबर कुठे किती अंदाजपंचे आहे त्याचाही नकाशा मिळतो. हा दुसरा नकाशा रिपोर्टमध्ये लावायची हिंमत मी फार कमी लोकांत बघितलीय.

पायथन ही दुसरी भाषा का नाही असं कुणीतरी विचारणारच. शिकवा की! सॅटेलाइट इमेज आणि मशीन लर्निंगला तेच बरं. पण जिऑलॉजीची तयार शिदोरी आरमध्ये जास्त सापडते. चेक जिऑलॉजिकल सर्व्हेच्या वोयतेख यानोशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं जीसीडीकिट आरमध्येच आहे, दगडाचं नाव ठरवणाऱ्या टीएएस आकृतीपासून मूलद्रव्यांच्या स्पायडर डायग्रामपर्यंत सगळं त्यात. दगडाचं वय काढायला लोक केन लुडविगचं एक्सेलमधलं आयसोप्लॉट वापरायचे, एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत ते चालेना, तर पीटर फर्मेश यांनी आरमध्ये आयसोप्लॉटआर बनवून फुकट दिलं. आणि मुळात आर ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी सुरू केलं तेच विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये शिकवायला काहीतरी बरं हवं म्हणून. लायसन्सचा प्रश्न नाही, साध्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधून आलेली क्रॅक सॉफ्टवेअरं आणि त्याबरोबर आलेले व्हायरस हा विषय मी काढत नाही, तुम्हाला माहीत आहे.

आता करायचं काय. पेट्रोलॉजीच्या प्रॅक्टिकलचे निम्मे तास मायक्रोस्कोपच्या स्लाइडला ठेवा, उरलेल्यातल्या काही तासांत आंबेनळी घाटाचा डेटा द्या. हायड्रोजिऑलॉजीला एका तालुक्याच्या विहिरींची दहा वर्षांची पातळी द्या, आणि ती मुद्दाम घाणेरडी द्या, गावाचं नाव एकीकडे वडगाव, एकीकडे वडगांव, एकीकडे वडगाव बु. आणि तीन तालुक्यांत तीन पिंपळगाव, म्हणजे नावावर तक्ते जोडू नयेत, गावाच्या कोडवर जोडावेत हे पोराला स्वतःहून कळेल. आमच्या धंद्यात निम्मा वेळ यातच जातो. परीक्षेत एक फाइल द्या, तीन तास द्या, हेल्प आणि इंटरनेट चालू ठेवा, स्क्रिप्ट जमा करा आणि त्याखाली मराठी किंवा इंग्रजीत अर्धं पान, की हा डेटा त्या दगडाबद्दल काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही. निम्मे मार्क त्या अर्ध्या पानाला.

शिकवणार कोण, हा प्रश्न खरा आहे. पंचवीस वर्षं मायक्रोस्कोपवर शिकवलेल्या मॅडमना आता अचानक कोडिंग शिका म्हणणं बरोबर नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांनी डेटा निवडावा आणि प्रश्न विचारावेत, शेजारी बसून एरर काढायला रिसर्च स्कॉलर आणि आमच्यासारखे माजी विद्यार्थी येतील. सुरुवातीच्या कमांडसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये आरचे धडे आहेत, ते घरी बघून या म्हणायचं. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना इंग्रजी अडेल ही भीती मला तरी अनाठायी वाटते. आरमध्ये दोनेकशे इंग्रजी शब्द लागत असतील, आणि जी पोरं प्लॅजिओक्लेज, क्लायनोपायरॉक्सिन, अमिग्डॅलॉइडल पाठ करतात ती ‘समरी’ आणि ‘मीन’ला घाबरतील होय?

ड्राफ्टवर हरकती द्यायची मुदत अजून आहे असं कळलं. वर सांगितलेल्यातली तीन प्रॅक्टिकल मी डेटा आणि स्क्रिप्टसकट लिहून ठेवलीत, ती बैठकीत ठेवायला मिळाली तर बरं होईल. बैठक शनिवारी असेल तर मी स्वतः लॅपटॉप घेऊन येतो, इतर वारी साइटवर असतो, पण दोन दिवस आधी कळवलंत तर जमवतो.

आपला,
एक माजी विद्यार्थी

ता.क. लॅबमध्ये आर टाकाल तेव्हा ४.२ किंवा त्यापुढचं टाका. विंडोजवर त्याआधीच्या आवृत्त्यांत देवनागरी गावांची नावं चौकोन नाहीतर भलतंच काहीतरी होऊन दिसतात, आणि मग विहिरींचं प्रॅक्टिकल पहिल्याच तासाला अडकेल.